कर्लीच्या मुखाशीं

मालवणास एकदां जाऊन यावें असें आम्हांस गेलीं कित्येक वर्षें वाटत होतें. परंतु सेवानिवृत्त मनुष्याच्या इच्छेला मुहूर्त लवकर सांपडत नाहीं. कधीं गुडघे आड येतात, तर कधीं नातवंडांच्या परीक्षा. त्या तालुक्यांतील एका शाळेंत आम्हीं ऐन उमेदीचीं अकरा वर्षें काढलीं होतीं. पुढें बदली होऊन घाट चढलों तो पुन्हां खालीं उतरण्याचा योग म्हणून आला नाहीं. अखेर २०२५ सालच्या माघ महिन्याच्या आरंभीं एका जुन्या विद्यार्थ्याचा तिसऱ्यांदा फोन आला, "गुरुजी, पावसाळ्याआधीं नाहीं आलांत तर मग राहिलेंच!" तेव्हां आम्हीं पिशवी भरली, कुटुंबानें तींत लिंबाचें लोणचें व गुडघ्यांस लावावयाचें तेल घातलें, आणि राधानगरीवरून फोंडाघाट उतरणारी एस्. टी. आम्हीं कोल्हापुरास पकडली.

घाटाचें वर्णन करण्याचा मोह आवरतों. एवढेंच सांगतों कीं, माघांत काजू मोहरलेला असतो आणि खिडकी उघडी असली तर त्या मोहराचा उग्र-गोड वास कणकवलीपर्यंत सोबत करतो. कसालहून गाडी समुद्राकडे वळली, तांबड्या मातीचे ते ओळखीचे चढउतार व जांभ्या दगडाचे गडगे दिसूं लागले, आणि आम्ही उगीचच शेजारच्या अनोळखी प्रवाशाला "येथें आम्ही मास्तर होतों" असें सांगून टाकलें. त्यानें मान हलविली व पुन्हां डोळे मिटून घेतले.

मालवणांत उतरल्यावर प्रथम दर्शन घडतें तें सिंधुदुर्गाचें. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. आम्ही दर वर्षीं मुलांना घेऊन तेथें जात असूं. आणि चोहोंकडे खारें पाणी असतां दूधबाव, साखरबाव व दहीबाव या विहिरींचें पाणी गोड कसें, हा प्रश्न दर वर्षीं कोणी तरी विचारीच. किल्ल्याविषयीं आमच्याहून अधिकारी पुरुषांनीं पुष्कळ लिहिलें आहे, म्हणून तेथें थांबत नाहीं. बंदरावरचा पालट मात्र डोळ्यांत भरला. जेथें जाळीं वाळत पडलेलीं असत, तेथें आतां नारिंगी जाकिटांच्या ओळी टांगल्या आहेत. कोणी दोरीला बांधलेल्या छत्रीस लोंबकळून आकाशांत चढतो. कोणी चारपांच सोबत्यांसह एका फुगविलेल्या रबरी केळ्यावर बसून मुद्दाम पाण्यांत पाडून घेतो, व त्याबद्दल पैसे देतो. पाण्यांत पडण्यासाठीं द्रव्य मोजावें, ही गोष्ट आमच्या पिढीस समजावयास अंमळ जड जाते.

तारकर्ली मागें टाकून रस्ता देवबागास जातो. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी जीभ आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी, टोंकाशीं दोहोंचा संगम, आणि पलीकडच्या तीरास भोगवें. कांहीं ठिकाणीं ही जीभ इतकी अरुंद आहे कीं, ओसरीवर समुद्राची गाज ऐकूं येते व परसांतून खाडी दिसते. पावसाळ्यांत समुद्र किनारा खातो, म्हणून काळ्या दगडांचे बंधारे घातले आहेत. संगमाशीं वाळूचे दांडे आज येथें तर उद्यां तेथें. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत ओहोटी लागली म्हणजे खाडीचें पाणी त्या मुखांतून असें धांवतें कीं, वल्हें मारणाऱ्याची होडी जागच्या जागीं उभी राहते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आमचा विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. घरांतील चार खोल्या प्रवाशांना देतो, आणि दोन यांत्रिक होड्या चालवितो. आम्ही शाकाहारी, म्हणून त्याच्या पत्नीनें रात्रीं कुळथाची पिठी, ऊन भात व सोलकढी, आणि सकाळीं घावन व नारळाचा गोड रस, असा चोख बंदोबस्त ठेविला होता. शाळेंत हा मुलगा आमच्या हातून कधीं नीट उत्तीर्ण झाला नाहीं. आम्ही फळ्यावर शब्दांचीं रूपें चालवीत असतां तो खिडकींतून होड्या मोजी. त्याच्या प्रगतिपुस्तकांत आम्हीं 'निष्काळजी' असा शेरा मारला होता. तें आम्ही विसरलों होतों. तो विसरला नव्हता. "बापाशीला वाचतां येत नव्हतें," तो हंसत म्हणाला, "तो शेरा त्यांनीं माझ्याकडूनच वाचून घेतला." आम्ही कांहीं बोललों नाहीं. पिठीची वाटी पुढें ओढली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं परसांत गेलों, तों माडाच्या झांपांच्या आडोशाला एक विचित्र वस्तु दिसली. धड होडी नव्हे, धड मोटारसायकल नव्हे. नाक होडीचें, बैठक घोड्याच्या खोगिरासारखी, आणि हातदांडा सायकलचा. रंग उन्हानें उडालेला. हिला येथें वॉटर स्कूटर म्हणतात. कोणी जेट स्कीहि म्हणतात. या जातीच्या वाहनाचा इतिहास फार जुना नाहीं. क्लेटन जेकबसन नांवाच्या एका अमेरिकन मोटारसायकलस्वाराच्या डोक्यांत १९६० च्या दशकांत ही कल्पना आली. बर्फावरील गाड्या करणाऱ्या कॅनडांतील बॉम्बार्डियर कंपनीनें १९६८ सालीं बसून चालवावयाची एक बनावट विक्रीस काढली, ती त्या वेळीं रुजली नाहीं. पुढें १९७३ सालीं जपानच्या कावासाकी कंपनीनें उभें राहून चालवावयाची बनावट आणली. तिचें 'जेट स्की' हें नांव मग साऱ्या जातीलाच चिकटलें, जसें आपल्याकडे वनस्पति तुपाला 'डालडा' चिकटलें. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत बसून चालवावयाच्या बनावटी पुन्हां आल्या, आणि त्याच जगभरच्या किनाऱ्यांवर पसरल्या.

देवबागची ही स्कूटर १९९० च्या दशकांतील. कोणत्या कारखान्याची, तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. गोव्याच्या किनाऱ्यावर कांहीं वर्षें राबून ती जुन्या मालांत निघाली, व २००८ सालीं आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं ती घेतली. त्या गृहस्थांचें आयुष्य रापण ओढण्यांत गेलें होतें. मासळीचें उत्पन्न घटलें, गांवांत प्रवासी येऊं लागले, तेव्हां त्यांनीं पत्नीच्या पाटल्या मोडून हा धंदा धरला. चार वर्षें तो बरा चालला.

२०१२ च्या मे महिन्यांत, पौर्णिमेच्या उधाणांतील दुपारची ओहोटी लागलेली असतां, मागें एका प्रवाशाला बसवून ते संगमाजवळ वळत होते. प्रवाहाविरुद्ध परत यावयाचें म्हणून त्यांनीं पुरा वेग दिला. इंजिन घुटमळलें, दोनदां खोकलें आणि बंद पडलें.

येथें या वाहनाची एक खोड सांगितली पाहिजे. याला सुकाणूं नसतें आणि बाहेर फिरणारा पंखाहि नसतो. इंजिन पोटांतील पंखा फिरवितें. तो खालून पाणी ओढतो व मागच्या तोटींतून जोरानें फेंकतो. त्या धक्क्यानें वाहन पुढें सरतें. हातदांडा वळविला म्हणजे ती तोटी वळते. अर्थात् इंजिन थांबलें कीं नुसती गति जात नाहीं, दिशाहि जाते. होडीचें यंत्र बंद पडलें तर निदान सुकाणूं हातांत राहतें. येथें हातदांडा वाटेल तितका फिरवा, वाहन प्रवाहाचें ऐकतें, तुमचें ऐकत नाहीं.

ओढीबरोबर ते दोघे बाहेर, लाटा फुटतात त्या बाजूस निघाले. वडिलांनीं पाण्यांत उडी टाकली, पुढची दोरी खांद्यावर घेतली, आणि प्रवाहाला छेदून आडवें पोहत वाहन कडेच्या शांत पाण्यांत आणलें. मग एका मच्छीमार होडीनें तें किनाऱ्याला ओढून लावलें. इजा कोणासहि झाली नाहीं. परंतु सायंकाळपर्यंत गांवांत बोलवा झाली कीं, म्हाताऱ्यानें चार पैसे वांचविण्याकरितां पेट्रोल कमी घातलें. त्यांनीं टांकीचें झांकण उघडून पाहिलेंहि नाहीं. सारे म्हणत होते, आणि त्यांना स्वतःलाहि तसेंच वाटूं लागलें. त्या रात्रीं स्कूटर माडाखालीं गेली ती तेथेंच राहिली. २०२१ सालीं ते वारले. कोणी विषय काढलाच तर "माझाच चुकला" एवढें बोलून ते उठून जात.

पुढें तीन वर्षांनीं मुलानें झांप बाजूला सारून प्रथम टांकीचें झांकण उघडलें. आंत टांकीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें, काळपट झालेलें व वार्निशासारखा वास येणारें पेट्रोल होतें. पेट्रोलचा कान पाहिला, तो 'चालू' कडेच वळलेला. बारा वर्षांत उडून जाऊन इतकें उरलें, तर त्या दिवशीं किती असेल? मग इंजिन थांबलें कशानें? या एका प्रश्नासाठीं त्यानें हें सर्व आरंभिलें होतें. नवी स्कूटर घेण्यास तो असमर्थ होता असें नाहीं. म्हातारी आई मात्र याला राजी नव्हती. ती परसाच्या त्या बाजूस जात नसे, आणि मुलाचे हात तेलानें माखलेले दिसले कीं तोंड फिरवी.

आम्हांस यंत्रांतील ज्ञान म्हणून कांहीं नाहीं. घरचा पंखा कुरकुरला तरी आम्ही शेजाऱ्यास हांक मारतों. तरीहि गुडघ्याखालीं पाट घेऊन आम्ही चार दिवस त्याच्याजवळ बसलों, आणि एरव्हीं आमच्यापुढें तोंड न उघडणारा तो मुलगा अखंड बोलत होता. इंजिनास तीन गोष्टी लागतात, तो म्हणे: ठिणगी, दाब आणि इंधन. आठ दिवस सिलिंडरांत तेल सोडून ठेवून त्यानें जाम झालेलें इंजिन हातानें फिरतें केलें होतें. मापक लावून पाहिलें, तर दोन्ही सिलिंडरांतला दाब जवळजवळ सारखा भरला. मग त्यानें चमच्याची परीक्षा केली होती, ती आम्हांस पुन्हां करून दाखविली. कार्ब्युरेटरच्या तोंडांत चमचाभर तेलमिश्रित पेट्रोल ओतलें व कळ दाबली. इंजिन दोन क्षण गर्जलें आणि थांबलें. म्हणजे ठिणगी आहे, दाब आहे. उणीव काय ती इंधनाच्या वाटेवर.

ही वाट मोठी गमतीची आहे. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरांत पेट्रोलची एक वाटी असते, आणि तींत एक पोकळ गोळा तरंगतो. वाटी भरली कीं गोळा वर येऊन वाट बंद करतो. परंतु लाटांवरून उड्या मारणाऱ्या व प्रसंगीं उलट्या होणाऱ्या या वाहनांत वाटींतलें पेट्रोल स्थिर राहणार कसें? म्हणून येथें गोळ्याऐवजीं पातळ पडदे असतात. इंजिनाच्या पोटांतील हवेचा दाब प्रत्येक फेऱ्याबरोबर कमीअधिक होतो. ती धडधड एका बारीक नळीनें पहिल्या पडद्यापर्यंत पोंचविलेली असते. पडदा आंतबाहेर हलतो आणि टांकींतून पेट्रोल ओढतो. इंजिन आपल्याच नाडीच्या ठोक्यांवर आपलें अन्न ओढून घेतें, असें म्हटलें तरी चालेल. दुसरा पडदा जरूर पडेल तेवढीच सुई उचलतो. आणि या सर्वांच्या मध्यें एक गाळणी, आमच्या करंगळीच्या नखाएवढी. आम्हीं कार्ब्युरेटरास 'वायुमिश्रक' असा प्रतिशब्द सुचविला. त्यानें आदरानें ऐकून घेतला, व पुन्हां कार्ब्युरेटरच म्हणूं लागला.

हें कार्ब्युरेटर त्यानें तीनदां उकललें होतें. पहिल्या खेपेस स्वस्तांतले पडदे घातले, ते पेट्रोलांत फुगले. दुसऱ्या खेपेस चांगले मागविले. दर वेळीं स्कूटर अर्धा-पाऊण तास झकास चाले, आणि मग पुरा वेग दिला कीं घुटमळे. प्लग काढून पाहिला तर टोंक पांढरें. तें कॉफीच्या रंगाचें असलें म्हणजे पेट्रोल व हवा यांचें प्रमाण नीट. पांढरें पडलें म्हणजे पेट्रोल अपुरें. या जातीच्या इंजिनांत पेट्रोलबरोबरच वंगणाचें तेलहि आंत जातें, म्हणून पेट्रोल अपुरें पडलें तर उष्णता वाढते व वंगणहि तुटतें. तसेंच दामटलें तर दट्ट्या वितळतो. चौथ्यांदा उकलून त्यानें ती गाळणी आमच्या तळहातावर ठेविली. तिच्यावर हिरवा चिकट थर बसला होता.

"टांकी घाण असेल," आम्हीं तत्काळ निकाल दिला. शिक्षकाची जुनी संवय! त्यानें कांहीं न बोलतां विजेरी आमच्या हातीं दिली. टांकी धुतल्या ताटासारखी स्वच्छ होती. टांकींत हवा शिरण्याची वाट बुजली असेल, हाहि तर्क त्यानें आधींच करून पाहिला होता. तशी ती बुजली तर आंत पोकळी होऊन पेट्रोल ओढलें जात नाहीं, आणि झांकण उघडतांच टांकी सुस्कारा टाकते. येथें सुस्कारा नव्हता. पाणी निवळून खालीं बसावें म्हणून वाटेंत एक पेला असतो, त्याची रबरी कडी झिजली तर पेट्रोलऐवजीं हवाच ओढली जाते. ती कडी त्यानें नवी घातली होती. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के मद्यार्क मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. असें पेट्रोल हवेंतील ओल शोषून घेतें, जुन्या रबराला बाधतें, आणि खाऱ्या हवेंत महिनोन् महिने सांठविलें तर मद्यार्क व पाणी तळाशीं उतरतात. नेमकें तेथूनच इंजिन पेट्रोल ओढतें. म्हणून तो दर वेळीं ताजें पेट्रोल आणी. परंतु २०१२ च्या घटनेचा दोष या मिश्रणावर टाकतां येत नाहीं, हेंहि त्यानेंच आम्हांस बजावलें.

मग त्यानें जें केलें तें पाहून आम्हांस आमच्या पाठशाळेंतील न्यायाचे धडे आठवले. टांकी व साऱ्या जुन्या नळ्या यांना बाजूस ठेवून, एका डब्यांतून नवी पारदर्शक नळी त्यानें सरळ कार्ब्युरेटरला जोडली, आणि स्कूटर खाडीच्या उथळ पाण्यांत खुंटाला बांधून इंजिन चालविलें. पाऊण तास झाला. वेग कमी केला, वाढविला, पुरा दिला. इंजिन एकदांहि अडखळलें नाहीं. मग डबा तोच, पेट्रोल तेंच, फक्त मध्यें जुन्या करड्या नळ्या जोडल्या. विसाव्या मिनिटास घुटमळ सुरू झाली. एक वस्तु असतां दोष असतो, ती नसतां दोष नसतो. यास आमचे गुरुजी अन्वय-व्यतिरेक म्हणत. आम्ही हें नांव त्यास सांगितलें. "असें का?" तो म्हणाला, "म्हणजे हें शाळेंत होतें तर!"

जुन्या नळ्यांना त्यानें इतके दिवस हात लावला नव्हता, कारण बाहेरून त्या अगदीं धड होत्या. करडा रंग, वांकविल्या तर चीर नाहीं, कोठें गळती नाहीं. आतां त्यानें एक वीतभर तुकडा काढला, फळीवर ठेविला, व चाकूनें उभा चिरला. आंतून शेवाळासारखा हिरवा, काकवीसारखा चिकट लेप. त्या काळच्या कांहीं वाहनांत घातलेल्या नळ्यांचें आंतील अस्तर पेट्रोलनें हळूहळू विरघळतें, आणि तो गाळ वाहत जाऊन गाळणीवर बसतो. मंद वेगाला थोडें पेट्रोल लागतें, तेवढें गाळणींतून झिरपतें. पुरा वेग दिला कीं तें अपुरें पडतें. म्हणजे किनाऱ्याजवळ हळूहळू हिंडतांना कांहीं कळावयाचें नाहीं. नेमकें जेथें सारें बळ लावावें लागतें, तेथेंच इंजिन उपाशी पडावयाचें.

तो बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत बसला. मग आमच्याशीं बोलतांना ठेवी ती शाळेची भाषा सुटली आणि तो आपल्या बोलींत म्हणाला, "टाकयेत पेट्रोल होता, गुरुजी. बापाशीचा काय्येक चुकला नाय."

आई पुढील दारीं कुळीथ पाखडीत होती. त्यानें तो तुकडा तसाच नेऊन तिच्यापुढें धरला व काय झालें असावें तें सांगितलें. म्हातारीनें सूप खालीं ठेविलें. नळी हातांत घेतली, वास घेतला, आंतील हिरव्या लेपावरून अंगठा फिरविला आणि तो खांबाला पुसला. आम्हांस वाटलें, ती रडेल. ती रडली नाहीं. तिनें मुलाकडे पाहिलें व म्हटलें, "ह्या तेवाच कापूक काय झालेला?"

या प्रश्नाला आम्हां दोघांपाशींहि उत्तर नव्हतें. तिनें सूप उचललें व पुन्हां पाखडूं लागली. नळीचा तुकडा तिच्याजवळ पायरीवरच राहिला.

पुढचें काम दीड दिवसाचें होतें. मद्यार्काला टिकणाऱ्या नव्या काळ्या नळ्या आल्या, जुनी प्रत्येक नळी निघाली, प्रत्येक सांध्याला नवी कडी बसली, गाळणी व पडदे बदलले. पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे लिटरास वीस मिलिलिटर, असें प्रमाण त्यानें औषधाच्या मापानें मोजून घातलें. आम्हांस आमच्या आजोबांच्या काढ्यांची आठवण झाली.

शुद्ध अष्टमीस सायंकाळीं परीक्षा घ्यावयाचें ठरलें. अष्टमीचें पाणी भांगाचें, म्हणजे मंद. उधाणासारखी ओढ त्यांत नसते. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक हिशेब असा आहे कीं, तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ सुमारानें निघते. अष्टमीस सहा. आम्हीं अकरा वर्षें तेथें राहून हा साधा त्रैराशिक हिशेब मुलांना कधीं घातला नाहीं. आगगाड्यांच्या वेगाचींच उदाहरणें घालीत राहिलों, आणि त्या काळीं त्या मुलांनीं आगगाडी पाहिलीहि नव्हती.

त्यानें जाकीट चढविलें, आणि लाल दोरी मनगटाला अडकविली. स्वार पाण्यांत पडला तर ही दोरी सुटते व इंजिन आपोआप बंद होतें. एक सोबती दोर घेऊन होडींत तयार बसला. संगमाकडे जावयाचें नाहीं, खाडींतच फिरावयाचें, असें त्यानें पत्नीला वचन दिलें होतें. स्कूटर सुटली ती प्रथम सावकाश, मग वेगानें, पाण्यावर पांढरी रेघ ओढीत गेली. आम्ही बांधावर बसून घड्याळ पाहत होतों. वीस मिनिटें गेलीं. तीस गेलीं. पस्तिसाव्या मिनिटास तो आवाज एकाएकीं खालीं आला. आमच्या तोंडचें पाणी पळालें. शेजारीं त्याची पत्नी उभी राहिली. परंतु कोणा मच्छीमाराचें जाळें वाटेंत होतें म्हणून त्यानेंच वेग उतरविला होता. जाळें ओलांडून आवाज पुन्हां चढला.

परत आल्यावर त्यानें प्लग काढला. टोंक कॉफीच्या रंगाचें. त्यानें तें आम्हांस दाखविलें, जसा एखादा मुलगा पाटीवरचें गणित दाखवितो. आणि आम्हीं चष्मा पुसून तें नीट पाहिलें. नंतर गोड्या पाण्यानें इंजिन धुणें झालें, कारण खारें पाणी आंत राहिलें तर धातु खातें. त्यालाहि क्रम आहे. इंजिन आधीं चालू, पाणी मागून. बंद करतांना पाणी आधीं, इंजिन मागून. उलट केलें तर पाणी मागच्या वाटेनें इंजिनांत शिरतें.

या स्कूटरवर प्रवाशांस बसविण्याचा त्याचा विचार नाहीं. तीस वर्षांच्या जुन्या वाहनावर परक्याचा जीव ठेवूं नये, असें तो म्हणाला. शिवाय सागरी मंडळाचे परवाने आहेत, तपासण्या आहेत. त्याला एकदां संगमापर्यंत जाऊन यावयाचें होतें, इतकेंच. दुसऱ्या दिवशीं नवमी; पाऊणपट केली तर पावणेसात. भरती पुरी होऊन पाणी थांबतें, त्या वेळीं निघावयाचें. आमची एस्. टी. आठ वाजतां होती.

सकाळीं खाडीवर धुकें होतें. तो स्कूटर पाण्यांत लोटीत असतां मागें पावलें वाजलीं. म्हातारी बांध उतरून येत होती, लुगड्याचा ओचा वर खोंवलेला. गुडघाभर पाण्यांत येऊन ती स्कूटरजवळ उभी राहिली.

"पेट्रोल भरपूर घातलंस मा?"

त्यानें उत्तर न देतां टांकीचें झांकण फिरवून काढलें. ती वांकली, आंत नीट पाहिलें, आणि झांकण त्याच्या हातांतून घेऊन स्वतःच बसविलें. घट्ट बसलें कीं नाहीं तें पुन्हां एकदां फिरवून पाहिलें. मग ती बाजूला झाली.

तो संगमापर्यंत गेला, भोगव्याच्या बाजूनें वळला, पुरा वेग देऊन परत आला. या साऱ्यास अर्धा तासहि लागला नसेल. पण पुढें चहा झाला, घावन झालें, आणि आमची आठाची एस्. टी. चुकली.